राजूर (जि. यवतमाळ)

महाराष्ट्र राज्याच्या यवतमाळ जिल्ह्यातील, वणी तालुक्यातील खाणींचे एक लहान गाव. वस्ती दहा हजारांच्या आसपास. वणी शहराच्या जवळ असलेले हे गाव दगडी कोळशाची खाण, चुनखडकाच्या खदानी आणि चुनाभट्ट्या यांसाठी विदर्भात प्रसिद्ध आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील राजूर व जालना जिल्ह्यातील गणपतीचे क्षेत्र असलेले राजूर यांहून ते वेगळे होय. जनगणनेच्या भाषेत राजूर हे ‘जनगणना नगर’ असले, तरी कारभाराच्या दृष्टीने ते ग्रामपंचायतीचे खेडेच आहे. नगर व खेडे यांच्या सीमेवरील ही त्याची स्थिती कशी निर्माण झाली, हे समजण्यास गावच्या दगडापासूनच आरंभ करावा लागतो.

यवतमाळ जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. पूर्वेकडे, जुन्या केळापूर व वणी या तालुक्यांत, वर्धा व पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत हे लाव्ह्याचे आच्छादन झिजून गेलेले असल्याने त्याखालचे अधिक प्राचीन खडक उघडे पडले आहेत. त्यांतील सर्वांत खालचा चुनखडक पैनगंगा गटातील असून तो करड्या ते फिकट गुलाबी रंगाचा व थराथरांचा आहे. जुन्या लेखनात तो विंध्य संघात घातलेला आढळतो. त्याच्यावर बऱ्याच कालावधीनंतर गोंडवनी संघाचे थर साचले व त्यांपैकी बाराकार थरात दगडी कोळसा आहे. वर्धा खोऱ्यातील कोळसा पुष्कळ ठिकाणी एकाच जाड, संमिश्र थराच्या स्वरूपात सापडतो. चुनखडक आणि तो भाजण्यास लागणारे जळण ही दोन्ही एकमेकांपासून बैलगाडीच्या अंतरावर असणे, ही गोष्ट महाराष्ट्रात क्वचितच आढळते. राजूरचा उद्योग या योगायोगावर उभा आहे.

खाणी निघण्यापूर्वी हा प्रदेश विरळ वस्तीचा आणि जंगलाचा होता. गोंड व कोलाम हे येथील जुने रहिवासी. कोलामांच्या लहान वस्त्यांना येथे पोड म्हणतात व अशी पोडे केळापूर, मारेगाव, झरी-जामणी व वणी या तालुक्यांत आजही आहेत. मराठीबरोबर गोंडी, कोलामी आणि दक्षिणेकडे तेलुगू या भाषा कानी पडतात. चांद्याच्या गोंड राजांची व नंतर नागपूरकर भोसल्यांची सत्ता या भागावर होती. १८०३ मध्ये झालेल्या देवगावच्या तहानंतर वर्धेच्या पश्चिमेकडील भोसल्यांचा हक्क निजामाकडे गेला. एप्रिल १८१८ मध्ये केळापूर तालुक्यात पांढरकवड्याजवळील शिवणी येथे कर्नल ॲडम्सने दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्याचा पराभव केला. पेशवाईच्या अखेरच्या धावपळीतील ही एक महत्त्वाची लढाई होय. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६४ मध्ये वऱ्हाडाच्या आग्नेय भागाचा वेगळा जिल्हा करण्यात आला आणि पुढे त्यास वणीवरून ‘वून’ असे नाव मिळाले. १९०५ च्या फेररचनेत वाशिम जिल्हा मोडून पुसद तालुका या जिल्ह्यास जोडला गेला आणि जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. यवतमाळ, केळापूर, वणी, दारव्हा व पुसद हे त्या वेळचे पाच तालुके. केळापूर हे तालुक्याचे नाव राहिले, पण कचेरी पांढरकवड्यास होती व अजूनही आहे. वणी हे लोकनायक माधव श्रीहरी अणे (१८८०—१९६८) यांचे जन्मस्थान.

वऱ्हाडात पहिली शिरगणती १८६७ मध्ये झाली. तीत प्रांताची लोकसंख्या सु. २२ लक्ष भरली. पुढील दोन दशकांत कापसाच्या भरभराटीमुळे ती वाढत गेली व १८९१ मध्ये २८,९७,४९१ झाली. त्यानंतरच्या दशकात मात्र उतार दिसतो. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर, १९०१ मध्ये वऱ्हाडात २७,५४,०१६ माणसे मोजली गेली. नव्या रचनेनुसार यवतमाळ जिल्ह्याची १९०१ मधील लोकसंख्या ५,७५,९५७ होती. २०११ मध्ये ती २७,७२,३४८ झाली. ही वाढ सर्वत्र सारखी नाही. पश्चिमेकडील काळ्या जमिनीच्या तालुक्यांत ती मुख्यतः शेतीने पोसली, तर वर्धेकाठच्या पट्ट्यात तिला खाणींनी हातभार लावला. खाणींवर आलेली माणसे त्या गावची नव्हती, हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

कोळशाचा शोध व रेल्वे यांचा इतिहास येथे एकच आहे. वर्धेच्या पूर्वेस वरोडा येथील सरकारी खाण १८७१ मध्ये सुरू झाली. हिंगणघाटचा कापूस व वरोड्याचा कोळसा वाहून नेण्यासाठी वर्धा खोऱ्यातील लोहमार्ग बांधण्यात आला. भारतीय भूविज्ञान सर्वेक्षणाचे टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांचा वर्धा खोऱ्यातील कोळसाक्षेत्रावरील ग्रंथ १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला व त्यात वणी भागातील साठ्यांचीही दखल घेतलेली आहे. तथापि नदीच्या पश्चिमेकडील हा कोळसा पुढे दीर्घकाळ जमिनीतच राहिला. त्याचे कारण भूगर्भातले नसून वाहतुकीचे होते. वर्धा ओलांडून कोळसा गाडीने नेणे परवडत नव्हते. १९०६ मध्ये वरोड्याची खाण बंद पडली आणि कोळशाच्या उत्पादनाचे केंद्र दक्षिणेस बल्लारपूरकडे सरकले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुख्य मार्गावरील माजरीपासून वणीमार्गे राजूरपर्यंत लोहमार्गाचा फाटा निघाला, तेव्हा राजूरचा कोळसा बाजारात पोहोचू लागला. ‘राजूर कॉलरी’ हे नाव तेव्हापासून गावाच्या नावास चिकटले. आजही परिसरातील लोक जुने गाव व कॉलरी यांचा उल्लेख वेगवेगळा करतात.

कोळसा येथे भूमिगत पद्धतीने, म्हणजे थरात खांब राखून व मधल्या वाटा कोरून काढला जात असे. या कामात आरंभी स्त्रियाही असत. पुरुषाने कोळसा फोडावयाचा व घरच्या बाईने तो टोपल्यात भरून वाहावयाचा, अशी कुटुंबाची जोडी हीच मजुरीचे एकक होती. १९२९ च्या नियमांनी स्त्रियांचे भूमिगत काम टप्प्याटप्प्याने कमी करून १९३७ मध्ये ते पूर्णपणे बंद करण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात कोळशाची टंचाई झाली तेव्हा १९४३ मध्ये ही बंदी उठविण्यात आली व तिचा आरंभ मध्य प्रांत व वऱ्हाडातील खाणींपासून झाला. १९४६ मध्ये ती पुन्हा लागू झाली. स्त्रियांना अंधाऱ्या खाणीतून बाहेर काढणारा हा कायदा योग्यच होता. परंतु कुटुंबाची निम्मी मिळकत गेली तिची भरपाई कोणी केली नाही. खाणीतून बाहेर पडलेल्या बायकांना जवळपास दुसरे काम होते ते चुनखडकाच्या खदानीवर व भट्टीवर, आणि तेथे अशी बंदी नव्हती.

खदानीचे काम दिसण्यास सोपे आणि करण्यास कठीण असते. वरची माती व मुरूम काढून खडक उघडा करावयाचा, पहारीने किंवा यंत्राने भोके पाडून त्यांत सुरुंगाची दारू ठासावयाची, उडालेले मोठे धोंडे घणाने फोडावयाचे आणि भट्टीत मावतील एवढ्या आकाराचे तुकडे निवडावयाचे. फोडण्याचे काम बहुधा पुरुषांकडे असते आणि निवडणे, भरणे व वाहणे स्त्रियांकडे. भट्टी उभट व दगडविटांची असते. तीत वरून चुनखडक व कोळसा यांचे आलटून-पालटून थर देतात आणि तळाशी भाजलेला माल काढून घेतात. सु. ९००° से. तापमानास चुनखडकातील कार्बन डाय-ऑक्साइड वायू निघून जातो व चुनकळी उरते. शुद्ध चुनखडकाच्या १०० भागांपासून चुनकळीचे ५६ भाग मिळतात. उरलेले ४४ भाग हवेत जातात. म्हणजे मजूर जो दगड फोडतो व डोक्यावर वाहतो, त्याचे जवळजवळ निम्मे वजन भट्टीच्या तोंडातून उडून जाते, आणि मजुरी मात्र त्याला सगळ्या दगडाची करावी लागते. भट्टी गावाजवळ न ठेवता खदानीजवळ का ठेवतात, याचे उत्तरही याच हिशेबात आहे. भाजल्यानंतर ओझे हलके होते.

चुनकळीस पाणी लागताच ती उष्णता सोडून फुलते व तिचा विरलेला चुना होतो. घाम आलेल्या अंगावर किंवा डोळ्यांत तिची भुकटी गेल्यास हाच व्यवहार कातडीवर व बुबुळावर घडतो. भट्टीवरच्या माणसांच्या हातांना पडलेल्या भेगा व लालसर डोळे यांचे कारण हे आहे. राजूरभोवतीची झाडे व छपरे यांवर बसलेला पांढरा थर पाहुण्याच्या नजरेस प्रथम येतो. त्याच थराखाली माणसे श्वास घेतात, हे मागाहून ध्यानात येते.

सिमेंट येण्यापूर्वी चुन्यावाचून पक्के बांधकाम होत नसे. बैलाच्या घाणीत वाळूबरोबर मळलेला चुना वाडे, मंदिरे, विहिरी, पूल यांना लागे. शिवाय घरांची रंगसफेदी, साखर कारखान्यांतील रसाची शुद्धी, कातडी कमावणे, आम्ल जमिनी सुधारणे आणि पानाचा विडा एवढ्या ठिकाणी तो खपे. विसाव्या शतकात सिमेंटने बांधकामातील त्याची जागा बळकावली. त्याच चुनखडकावर वर्धेच्या पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात घुगुस, आवारपूर, गडचांदूर येथे मोठे सिमेंट कारखाने उभे राहिले आणि २०२२ मध्ये झरी-जामणी तालुक्यातील मुकुटबन येथेही एका सिमेंट कारखान्याचे उत्पादन सुरू झाले. राजूरच्या लहान भट्ट्यांना ही स्पर्धा सोसत आपला माल रंगसफेदी व रासायनिक उपयोगांकडे वळवावा लागला.

कोळसा आणि चुनखडक यांनी राजूरात दोन निराळे मजूरवर्ग घडविले. १९७३ च्या आरंभी बिगर-कोकिंग कोळशाच्या खाणींचे व्यवस्थापन केंद्र शासनाने हाती घेतले व १ मे १९७३ रोजी त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७५ मध्ये नागपूर येथे मुख्यालय असलेली ‘वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड’ ही कंपनी स्थापन झाली व राजूरची खाण तिच्या वणी-उत्तर क्षेत्रात आली. याच क्षेत्रात भांदेवाडा, कुंभारखाणी, उकणी, जुनाड, पिंपळगाव, कोलारपिंपरी व घोन्सा येथील खाणी येतात. १ जानेवारी १९७५ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय कोळसा वेतन कराराने कोळसा कामगाराच्या हाती ठरलेले वेतन आले. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा त्यास १९४८ पासूनच होता. घर, दवाखाना, आजारपणाची रजा ही त्याच्या नोकरीची अंगे झाली. उत्तर प्रदेश, छत्तीसगढ, तेलंगण येथून मजूर म्हणून आलेली कुटुंबे वर्धा खोऱ्यातील कोळसागावांत स्थायिक झाली आणि त्यांची दुसरी पिढी मराठी शाळेत शिकली.

त्याच गावात, कधी एकाच गल्लीत, राहणारा चुनाभट्टीचा मजूर यांपैकी कशाचाही धनी झाला नाही. त्याचे काम रोजावर किंवा नगावर, त्याचा मालक लहान, आणि त्याचा हंगाम पावसाळ्यापर्यंतचा. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत दगड फोडण्याचा धंदा समाविष्ट होता, यावरून त्या धंद्याची अवस्था शासनास माहीत होती असे म्हणता येते. १९७२ मध्ये चुनखडक व डोलोमाइट खाणींतील कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा झाला. पण त्याचा उपकर कारखान्यांस विकलेल्या आणि सिमेंट, पोलाद इत्यादींसाठी वापरलेल्या दगडावर आकारला जाई, म्हणून त्याची रचना मोठ्या उद्योगास अनुसरून होती. पुढे तो उपकरही रद्द झाला.

येथे दगडाच्या वर्गवारीचा प्रश्न येतो. १९५७ च्या खाणी व खनिजे कायद्यानुसार खनिजांचे प्रमुख व गौण असे दोन वर्ग पडतात. गौण खनिजांचे नियम राज्य शासन करते. चुनखडक हे प्रमुख खनिज आहे. मात्र बांधकामाचा चुना तयार करण्यासाठी भट्टीत वापरला जाणारा चुनखडक २०२५ पर्यंत गौण खनिज गणला जात असे. एकाच खदानीतील एकच धोंडा सिमेंट कारखान्याकडे गेला तर प्रमुख आणि भट्टीकडे गेला तर गौण होई! त्याबरोबर त्याचा परवाना, स्वामित्वधन व देखरेखीची यंत्रणा बदलत असे. कायद्याच्या दृष्टीने ही सोय समजण्यासारखी होती, कारण लहान भट्टीवाल्यावर मोठ्या खाणपट्ट्याचे नियम लादणे अवघड असते. परंतु दगड फोडणाऱ्या माणसाच्या फुप्फुसास दोन्ही धूळ सारखीच असते.

माणसांची वर्गवारीही याहून वेगळी नाही. १९३१ पर्यंतच्या जनगणना एका ठरलेल्या रात्री जो जेथे सापडेल तेथे त्याला मोजून केल्या जात. त्यानंतर नेहमीच्या वास्तव्यावर भर आला. खदानीच्या गावात ‘नेहमीचे वास्तव्य’ हे पद अवघड आहे. जनगणना फेब्रुवारी-मार्चमध्ये होते व तेव्हा दगडाचा हंगाम ऐन भरात असतो. जूननंतर खदानीत पाणी भरते, मजूर आपल्या गावी पेरणीस जातात आणि वस्तीचा एक भाग रिकामा होतो. तेव्हा राजूरची लोकसंख्या म्हणून जो आकडा छापला जातो, तो वर्षातील फुगलेल्या महिन्यांचा असण्याचा संभव अधिक आहे.

व्यवसायांची नोंद पाहिली तर गुंतागुंत वाढते. १९६१ च्या जनगणनेत खाणकाम व दगडखाणी यांना पशुपालन, वनोद्योग, मासेमारी, शिकार व फळबागा यांच्यासह एकाच वर्गात घातले होते. १९७१ मध्ये त्यांस स्वतंत्र वर्ग मिळाला. २००१ पासून मात्र गावनिहाय आकड्यांत शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातील कामगार आणि ‘इतर’ एवढेच चार वर्ग राहिले. त्यामुळे खाणकामगार, शिक्षक, वाणी व पोलीस हे सर्व एका रकान्यात आले. भट्टीवरचा मजूर तर पूर्वीही दगडखाणीत न धरता वस्तुनिर्माणात धरला जाई. दगडावर जगणाऱ्या माणसांची संख्या या प्रकाशित सारण्यांवरून जुळविणे म्हणूनच कष्टाचे आहे.

१९६१ पासून नगराची व्याख्या काटेकोर झाली. किमान ५,००० लोकसंख्या, दर चौ. किमी.स किमान ४०० वस्ती आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरील उद्योगांत असणे, या तीन कसोट्या जे गाव उतरेल ते वैधानिक नगर नसले तरी जनगणना नगर समजले जाते. तिसऱ्या कसोटीत फक्त पुरुष मोजतात. खदानीत टोपली वाहणारी व भट्टीवर माल निवडणारी स्त्री हे गाव नागर करण्याच्या हिशेबात धरली जात नाही. १९८१ पासून वर्षात सहा महिन्यांहून कमी काम करणाऱ्यांना सीमांतिक गणण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हा हंगामी मजुरांचा आणखी एक भाग मुख्य कामगारांतून बाहेर पडला. इतके वजा जाऊनही राजूर या कसोट्यांस उतरले, यावरून तेथील शेतीबाहेरच्या उद्योगाचे प्रमाण ध्यानात येते.

जनगणना नगर ही केवळ सांख्यिकीची पदवी आहे. तीबरोबर नगरपरिषद येत नाही. राजूरचा कारभार ग्रामपंचायतीकडे राहिला आणि तिला पाणीपुरवठा, गटारे, दिवाबत्ती ही शहरी गर्दीची कामे खेड्याच्या उत्पन्नातून करावी लागतात. खनिजाचे स्वामित्वधन राज्याच्या तिजोरीत जाते. त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्यांनंतर (१९९२) खेड्यातून शहराकडे संक्रमण करणाऱ्या क्षेत्रांसाठी नगरपंचायतीची तरतूद झाली. महाराष्ट्रात २०१४-१५ च्या सुमारास तालुक्यांच्या मुख्य ठिकाणी सरसकट नगरपंचायती स्थापन झाल्या. यवतमाळ जिल्ह्यात मारेगाव व राजूरहून लहान असलेल्या झरी-जामणीला ती मिळाली. राजूर तालुक्याचे ठिकाण नसल्याने त्यास मिळाली नाही. कचेरी असणे हे नागरपणाचे लक्षण मानले गेले, खाण असणे हे मानले गेले नाही.

खाणींमुळे बाधित झालेल्या भागांसाठी २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठानांची तरतूद केली. जुन्या खाणपट्ट्यांस स्वामित्वधनाच्या ३० टक्के व १२ जानेवारी २०१५ नंतरच्या पट्ट्यांस १० टक्के रक्कम या निधीत भरावी लागते. पिण्याचे पाणी, आरोग्य व शिक्षण यांवर तो प्राधान्याने खर्च करावयाचा असतो. राजूरसारख्या गावास याचा उपयोग उघड आहे. खाणीतून सतत पाणी उपसल्याने आसपासच्या विहिरींची पातळी खाली जाते आणि सोडून दिलेल्या खदानींत पावसाचे पाणी साठून खोल डोह होतात. त्यांत धुणी धुतली जातात, जनावरे पाणी पितात, मुले पोहतात, आणि काठ कड्यासारखे तुटलेले असल्याने अपघात होतात. अशा खदानी बुजविणे किंवा त्यांना कुंपण घालणे ही खाणपट्टाधारकाची जबाबदारी असते. पण लहान खदानीचा धारक पट्टा संपल्यावर शोधून काढणे सोपे नसते.

२०२१ ची जनगणना वेळेवर न झाल्याने राजूरच्या वस्तीसाठी २०११ चेच आकडे दीर्घकाळ वापरावे लागले आहेत. दरम्यान वणी परिसरात भूमिगत खाणींऐवजी उघड्या खाणींवर भर आला आहे व त्यांना माणसांपेक्षा यंत्रे अधिक लागतात. पुढील जनगणनेसाठी देशाच्या बहुतेक भागाकरिता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरविण्यात आली आहे. त्या सुमारास खदानींचा हंगाम चालू असतो आणि पावसाळ्यास तीन महिने अवकाश असतो.